चढावर दम सोडणारी डिझेल गाडी: पंप-इंजेक्टर बदलण्याआधी सकाळचा सेल तपासा

वाचकाचे पत्र थोडक्यात असे: ‘माझी चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल गाडी १,४०,००० किलोमीटर चालली आहे. सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की २,२०० आरपीएमच्या आसपास ओढ एकदम जाते, चेक लाइट लागतो आणि मग काटा ३,००० च्या वर सरकत नाही. बाजूला घेऊन बंद करून चालू केली की परत ठीक. धूर अजिबात नाही. सकाळी पहिल्यांदा सात-आठ सेकंद सेल मारावा लागतो, दिवसभरात मात्र अर्ध्या सेलमध्ये सुरू होते. दोन महिन्यांपूर्वी डिझेल फिल्टर बदलला, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी हे सुरू झाले. स्कॅनरवर पी००८७ कोड येतो. गॅरेजमध्ये सांगतात की चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप गेला आहे, सगळे बदला. बदलू का?’

अजून नको. सकाळी सात-आठ सेकंद सेल आणि दिवसभर अर्धा सेल, हे जे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून संशय पंप-इंजेक्टरवर न जाता दुसरीकडे जातो. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा पंप आतून झिजला की त्याची गळती इंजिन गरम असताना वाढते, कारण गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून जास्त निसटते. अशी गाडी सकाळी त्या मानाने बरी सुरू होते आणि लांबचा पल्ला मारून अर्धा तास उभी केल्यावर त्रास देते. तुमच्याकडे नेमके उलटे आहे. रात्रभर उभ्या गाडीत लाइनमधले डिझेल टाकीकडे उतरते, त्याची जागा हवा घेते आणि सकाळी ती हवा पुढे ढकलून निघेपर्यंत सेल मारत बसावे लागते. गाडी कुठेतरी एअर पकडते आहे, असा आमचा पहिला अंदाज आहे. अंदाजच आहे, म्हणून तो तपासून बघायचा.

पी००८७ चा अर्थ एवढाच की ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) रेलमध्ये, म्हणजे दाबलेले डिझेल सगळ्या इंजेक्टरना वाटणाऱ्या समाईक नळीत, जितके प्रेशर मागितले तितके आले नाही. का आले नाही ते कोड सांगत नाही. पंपापर्यंत पुरेसे डिझेल पोहोचत नसेल, पोहोचूनही पंप प्रेशर बांधत नसेल, बांधलेले प्रेशर इंजेक्टरमधून किंवा रेलच्या व्हॉल्व्हमधून रिटर्नला (डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या लाइनला) निसटत असेल, नाहीतर प्रेशर ठीक असून सेन्सर किंवा त्याची वायर चुकीचे सांगत असेल. तुमच्या गॅरेजने मधली दोन कारणे धरली आहेत. पहिले कारण सर्वांत जास्त आढळते, सर्वांत स्वस्तात सुटते, आणि ते तपासल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही.

काटा ३,००० वर अडकतो तो लिंप मोड. प्रेशरची तूट काही क्षण टिकली की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापतो. किल्ली बंद-चालू केल्यावर ती बंदी उठते, दोष तसाच राहतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, कारण आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) रेलमध्ये साधारण २५० ते ४०० बार पुरतात आणि सपाटीवर हलक्या हाताने चालवतानाही पूर्ण लोडपेक्षा प्रेशर आणि डिझेल बरेच कमी लागते. चढावर पूर्ण लोडला गाडीच्या पिढीप्रमाणे १,६०० बार किंवा त्याहून जास्त लागते आणि डिझेलही कितीतरी पटींनी जास्त. पुरवठ्यातली छोटी अडचण तिथे उघडी पडते.

उद्या सकाळी पाना न लावता एक चाचणी करा. फिल्टरच्या डोक्यावर किंवा लाइनमध्ये रबरी फुग्यासारखा हातपंप असेल, तर गाडी सुरू करण्याआधी तो कडक होईपर्यंत दाबा. हातपंप नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल, तर किल्ली फक्त ‘ऑन’ करून चार-पाच सेकंद थांबा, बंद करा, असे तीन-चार वेळा करा. मग सेल मारा. गाडी लगेच सुरू झाली, तर रात्री डिझेल मागे उतरत होते हे जवळपास नक्की झाले. हातपंपाला किती दाब द्यावे लागले तेही लक्षात ठेवा. निरोगी लाइनमध्ये दोन-चार दाबांत फुगा कडक होतो. वीस दाबांनंतरही तो मऊच राहिला, तर हवा आत येण्याची वाट चांगली मोठी आहे.

तुमच्या गाडीत टाकीमध्ये पंप आहे की नाही हे आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा तपास त्यावर फिरतो. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली, तर टाकीतला पंप डिझेल पुढे ढकलतो. अशा लाइनमध्ये पंप चालू असताना गळती बाहेर होते, ओलसर डाग दिसतो, डिझेलचा वास येतो. आवाज येत नसेल, तर बहुतेक वेळा हाय प्रेशर पंपालाच जोडलेला छोटा पंप टाकीपासून डिझेल ओढून घेतो. ओढणारी लाइन फसवी असते. तिला चीर गेली तरी थेंब बाहेर पडत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे, आणि गाडी चढावर दम सोडते. आवाज यायला हवा आणि येत नसेल, तर आधी त्या पंपाचा फ्यूज, रिले आणि टाकीवरच्या प्लगला येणारा करंट तपासा. पंप बंद असूनही काही गाड्या सपाट रस्त्यावर तशाच चालत राहतात.

आता फिल्टर. दोन महिन्यांपूर्वी तिथे हात लागला आणि त्यानंतर त्रास सुरू झाला, म्हणून शोधाची सुरुवात तिथूनच करा. काट्रिज बदलण्याच्या फिल्टरला बहुधा दोन ओ-रिंग असतात, झाकणाची मोठी आणि आतल्या दांड्याची छोटी. छोटी रिंग बऱ्याचदा जुनीच राहते, कारण ती खाचेत बसलेली दिसत नाही. कधी जुनी रिंग खाचेला चिकटून राहते आणि नवी तिच्यावरच चढवली जाते. कधी नवी रिंग कोरडीच बसवली जाते. कोरडी रिंग झाकण फिरवताना घसरत नाही, पिळवटते आणि एका जागी चेपते. झाकण काढून रिंग बोटांवर फिरवून पाहा. एखाद्या ठिकाणी चपटी, चिरलेली किंवा पिळाची खूण असलेली रिंग पुन्हा वापरू नका. खाच सुती कापडाने पुसा, नव्या रिंगला स्वच्छ डिझेल लावा, हाताने बसवा आणि झाकणावर कोरलेल्या टॉर्कइतकेच आवळा. प्लॅस्टिकचे झाकण जास्त आवळल्याने लीक थांबत नाही, हाउसिंगला केसासारखी चीर मात्र पडते.

फिल्टर उघडलाच आहे तर तळाचे डिझेल एका पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर बसतो आणि दोघांमधली रेष स्पष्ट दिसते. काळपट बुळबुळीत गाळ असेल, तर टाकीत पाणी साचून त्यावर जंतूंची वाढ झालेली असते. तेव्हा नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते, नाहीतर नवा फिल्टरही काही आठवड्यांत बुजतो. नवा फिल्टर तुमच्या इंजिनसाठी दिलेल्याच पार्ट नंबरचा आहे ना, आणि इन-आउट पाइप अदलाबदल झालेले नाहीत ना, हेही बघा.

हवा डोळ्यांनी पाहायची असेल, तर फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्या मधल्या लो प्रेशर पाइपच्या जागी तेवढ्याच आतल्या व्यासाचा, डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप साधारण ३० सेंटिमीटर लांबीचा घाला आणि दोन्ही टोकांना क्लिप आवळा. ही युक्ती फक्त लो प्रेशरच्या बाजूची, पंपाच्या पुढे रेलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपला ती कधीही लावायची नाही. पाइप घातल्यावर लाइनमधली हवा निघेपर्यंत दहा मिनिटे इंजिन चालवा, मग दोन मिनिटे २,५०० आरपीएमवर रेझ करा आणि पाइपकडे टॉर्च धरा. निरोगी लाइनमध्ये डिझेल काचेसारखे सलग दिसते, पाइप रिकामा आहे की भरलेला हेही पटकन कळत नाही. वरच्या बाजूला एखादा बुडबुडा चिकटून बसला असेल आणि पुढे सरकत नसेल, तर त्याची काळजी नको. बारीक बुडबुड्यांची माळ सतत धावत असेल किंवा रेझ केल्यावर डिझेल दुधासारखे दिसू लागले, तर हवा सापडली. मग तोच पाइप फिल्टरच्या आधीच्या बाजूला लावा. तिथेही बुडबुडे असतील तर लीक टाकीच्या दिशेला आहे, तिथे स्वच्छ असेल तर फिल्टरचे डोके दोषी.

टाकीच्या दिशेला शोधताना क्विक कनेक्टर हाताने हलके ओढून पाहा, ‘टिक’ करून न बसलेले कनेक्टर सहज सरकतात. रबरी पाइपाची टोके वाकवली की बारीक चिरा उघडतात, सरळ असताना दिसत नाहीत. इंजेक्टरवरचे बारीक रिटर्न पाइपही बघा. ते कडक होऊन तडकले की रात्री तिथून हवा आत जाते, आणि हे पाइप तपासायचे राहूनच जातात. टाकी पाव भागाखाली गेल्यावर त्रास वाढतो का, हेही आठवून पाहा. वाढत असेल तर टाकीतल्या ओढ-पाइपाला भेग असू शकते. गाडी दम सोडत असताना टाकीचे झाकण उघडल्यावर जोराने ‘फुस्स’ झाले आणि मग गाडी ओढू लागली, तर टाकीचा श्वासमार्ग बुजला आहे.

बुडबुडे नसले तरी पुरवठा मोकळा आहे असे होत नाही. टाकीतली जाळी किंवा फिल्टर चोंदला असेल तर हवा येत नाही, डिझेलच कमी येते. ओढणाऱ्या लाइनमध्ये फिल्टर आणि पंपाच्या मध्ये व्हॅक्यूम गेज लावून इंजिन रेझ करा. मोकळ्या लाइनमध्ये काटा थोडाच हलतो. तो चढत ०.३ बारच्या पुढे गेला, तर गेजच्या आधी, टाकीच्या बाजूला कुठेतरी अडथळा आहे असे समजून मागे मागे शोधत जा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

एवढे होईपर्यंत बहुतेक प्रकरणे सुटतात. नाही सुटले, तर स्कॅनरचा खरा उपयोग आता. कोड वाचून स्कॅनर बाजूला ठेवू नका, लाइव्ह डेटा रेकॉर्ड करा: मागितलेले रेल प्रेशर, प्रत्यक्ष रेल प्रेशर, मीटरिंग व्हॉल्व्हचा (पंपात किती डिझेल जायचे ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) टक्का, आरपीएम, टर्बोचा मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट (हवेचा दाब), आत येणाऱ्या हवेचे प्रमाण. शेजारी दुसरा माणूस बसवा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे पाहायचे नाही. त्याच चढावर, तिसऱ्याच गिअरमध्ये, १,५०० आरपीएमपासून पूर्ण दाबून न्या. प्रत्यक्ष प्रेशरची रेष मागणीच्या रेषेला चिकटून, फार तर काही दहा बारांचा फरक ठेवून चालली पाहिजे. मागणी १,४०० बार आणि प्रत्यक्ष ९०० वर अडकलेले, व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा, असे दिसले तर तूट खरी आहे.

त्या रेषेचा आकारही पाहा. हवा असेल तर प्रेशर थरथरते, करवतीच्या दात्यांसारखे वर-खाली होते. फिल्टर किंवा जाळी चोंदली असेल तर सुरुवातीला प्रेशर चांगले येते आणि आरपीएम वाढत जाईल तसे गुळगुळीत खाली घसरते. पंप किंवा इंजेक्टर झिजलेले असतील तर थंड इंजिनपेक्षा गरम इंजिनवर रेष स्पष्ट खाली दिसते, म्हणून थंड आणि गरम असे दोन्ही रेकॉर्डिंग घ्या. सेन्सरसाठी सोपी तपासणी अशी: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सेल न मारता फक्त किल्ली ऑन करा. प्रेशर शून्याच्या आसपास दिसले पाहिजे. बहुतेक सेन्सर पाच व्होल्टवर चालतात आणि शून्य प्रेशरला सुमारे ०.५ व्होल्ट देतात. तिथेच तो शंभर-दीडशे बार दाखवत असेल, तर आधी प्लग आणि वायर, मग सेन्सर.

सेल मारताना किती प्रेशर येते तेही बघा. बऱ्याच गाड्यांत रेलमध्ये साधारण १५० ते २५० बार आल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. सकाळी सात सेकंद ६० बारवर रेंगाळून मग प्रेशर झपकन वर जात असेल, तर ते हवा निघून जाण्याचे चित्र आहे.

इंजेक्टरवर आरोप ठेवायचा असेल तर लीक-ऑफ चाचणीशिवाय ठेवू नये. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून प्रत्येकाला सारख्या लांबीचा पाइप आणि मापाची बाटली लावतात, मूळ रिटर्न लाइनचे तोंड बंद करतात, गरम इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलला आणि मग थोडा वेळ २,००० आरपीएमवर चालवतात. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखे आणि थोडेच हवे. तिघांत ३० मिलिलिटर आणि एकात ९० आले, तर तो एकच दोषी, चारही बदलायचे कारण उरत नाही. चारही बाटल्या भरभरून आल्या, तरच चौघांचा विचार करायचा आणि तेव्हाही पुस्तिकेतली मर्यादा पाहून. एक इशारा: पिझो इंजेक्टर (विद्युतचुंबकाऐवजी विजेने फुगणाऱ्या स्फटिकावर चालणारे) असलेल्या अनेक गाड्यांत रिटर्न लाइनमध्ये ठरावीक उलटा दाब राहावा लागतो. तिथे रिटर्न मोकळा सोडला तर चांगला इंजेक्टरही काम करत नाही आणि चाचणी खोटे सांगते. त्यांच्यासाठी दाब धरून ठेवणारे वेगळे किट लागते. तुमचे सोलेनॉइड (विद्युतचुंबकावर चालणारे) आहेत की पिझो, हे गॅरेजला आधी विचारा.

रेलवर यांत्रिक प्रेशर लिमिटर असेल तर त्याचाही रिटर्न काढून बघा. आयडलला तिथून थेंबही यायला नको. हा छोटा व्हॉल्व्ह गळत असताना पंप गेला असे ठरवले जाते, म्हणून आग्रहाने सांगतो. पंपाचा नंबर लागतो तो हे सगळे निर्दोष निघाल्यावर, आणि त्यातही आधी पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह. तो चिकटत असेल तर आयडलला आरपीएम झुलतो.

हवेची बाजू थोडक्यात. टर्बोचा पाइप फाटला, ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला किंवा इंटरकूलरचा पाइप निसटला तर ताकद जाते, पण तेव्हा बहुधा काळा धूर येतो आणि कोड पी०२९९ सारखा बूस्टचा असतो. डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत मात्र धूर फिल्टरमध्येच अडतो, त्यामुळे ‘धूर नाही’ यावर पूर्ण विसंबू नका. मळलेला एअर फ्लो सेन्सरही धूर न करता ओढ काढून घेतो, कारण हवा कमी दिसली की ईसीयू डिझेलही कमी सोडतो. या सगळ्यांत रेल प्रेशरची रेष मागणीला चिकटलेलीच राहते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ती सुटली आहे की नाही, यावरून बाजू ठरेल.

हात लावण्याआधी हे नीट वाचा. इंजिन चालू असताना पंप, रेल आणि इंजेक्टर यांच्यामधले नट सैल करून एअर काढायची जुन्या पंपांवरची पद्धत कॉमन रेलवर वापरू नका. शेकडो बारांची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे झाले तर जखम छोटी म्हणून थांबू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना सांगा. लीक शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठा वापरा. इंजिन बंद केल्यावरही पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा आणि स्कॅनरवर रेल प्रेशर उतरल्याचे पाहूनच पाना लावा. उघडलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच स्वच्छ टोपी लावा. इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे पुरतो.

हे लवकर करा, असे कळकळीने सांगतो. पंपाचे आतले भाग डिझेलनेच वंगण घेतात. हवा मिसळलेल्या डिझेलवर महिनोन्महिने चढ चढवत राहिलात, तर आज चांगला असलेला पंप खरोखर झिजेल. टाकीत औषध टाकून पाहू नका, इंजेक्टर क्लीनर चेपलेली ओ-रिंग सरळ करत नाही. पेट्रोल मिसळणे तर पंपाचे वंगण काढून घेणे आहे.

गॅरेजमध्ये दोन गोष्टी मागा: मागणी आणि प्रत्यक्ष प्रेशरचे चढावरचे रेकॉर्डिंग आणि लीक-ऑफच्या चार बाटल्यांचा फोटो. चांगला मेकॅनिक ते आनंदाने दाखवतो. इंजेक्टर बदलायचीच वेळ आली, तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरून घ्या, खालचा तांब्याचा वॉशर नवा टाका, आणि हाय प्रेशर पाइप पुन्हा वापरायची परवानगी तुमच्या गाडीला आहे का ते विचारा. अनेक गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो.

आमचा अंदाज पूर्ण उलटवणारी एकच गोष्ट आहे. फिल्टरमधून काढलेले डिझेल पांढऱ्या कापडावर ओता आणि उन्हात तिरपे धरा. मीटरिंग व्हॉल्व्ह काढला असेल तर त्याची जाळीही तशीच बघा. चंदेरी चमक दिसली तर पंप आतून खरवडला जात आहे. लोहचुंबकावर विसंबू नका, ॲल्युमिनियमचा चुरा त्याला चिकटत नाही. असे असेल तर गाडी चालवणे त्याच क्षणी थांबवा आणि ती ओढून गॅरेजला न्या. तेव्हा एकटा पंप बदलून चालणार नाही, तो चुरा रिटर्नमधून टाकीपर्यंत पोहोचलेला असतो. टाकी, सगळ्या लाइन, रेल आणि इंजेक्टर यांचा हिशेब एकत्रच करावा लागेल.

चमक नसेल, तर नव्या ओ-रिंग टाका, एअर काढा, गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी किती सेकंदांत सुरू होते ते मोजा आणि त्याच चढावर त्याच गिअरमध्ये पुन्हा रेकॉर्डिंग घ्या. दोन्ही आकडे आम्हाला कळवा.